टू-स्ट्रोक इंजिनातील डेटोनेशनचा आवाज कसा ओळखावा

मुंबईत आरएक्स १००, आरडी ३५०, येझदी किंवा जुनी टू-स्ट्रोक चेतक आजही जिव्हाळ्याने सांभाळणारी माणसे आहेत. आपल्या गाडीचे बहुतेक आवाज त्यांना पाठ असतात, तरी डेटोनेशनचा आवाज त्यांच्याही हातून निसटतो. गॅरेजमध्ये त्याला सरसकट ‘पिस्टन वाजतोय’ म्हटले जाते, ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन बसवला जातो, आणि मूळ कारण जागेवरच राहिल्यामुळे नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. आवाज टिकटिक आहे की किणकिण, यावर आपण फार वेळ घालवतो. माझ्या मते दोनच प्रश्न विचारावेत: तो आवाज नेमका कधी येतो, आणि काय केल्याने जातो. पुढचे सगळे विवेचन या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी सिलिंडरमध्ये काय घडते ते पाहू. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडांकडे पसरत जाते. तिच्या पुढे असलेले, अजून न जळलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तापत असते. ज्योत पोहोचण्याआधीच हे कडेचे मिश्रण आपोआप पेटले, तर ते जवळजवळ एकाच क्षणी जळून जाते आणि दाबाची एक लाट हेड, भिंती व पिस्टन यांच्यामध्ये आपटत फिरते. यालाच डेटोनेशन किंवा नॉकिंग म्हणतात. आपल्याला ऐकू येतो तो या लाटेने धातूला आणलेला कंप. ही लाट पिस्टनच्या माथ्यावर असलेला वायूचा पातळ संरक्षक थर उडवून लावते आणि उष्णता थेट ॲल्युमिनियममध्ये शिरते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला १००. पिस्टनला दोन स्फोटांमध्ये निवण्यासाठी फोर-स्ट्रोकइतकी सवड मिळत नाही. म्हणूनच फोर-स्ट्रोक गाडीत काही काळ खपून जाणारे नॉकिंग इथे पिस्टनची कड खाते, रिंगा पकडते आणि शेवटी इंजिन सीझ करते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

आवाजाची पट्टी बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासावर अवलंबून असते, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ९०० ते १००० मीटरच्या आसपास असतो. सिलिंडर जितका अरुंद, तितकी लाट लवकर परतते आणि आवाज तितका बारीक होतो. मोटारीच्या ८६ मिलिमीटर बोअरमध्ये डेटोनेशनचा मुख्य सूर साधारण साडेसहा हजार हर्ट्झचा असतो. आरडी ३५० च्या ६४ मिलिमीटर बोअरमध्ये तो साडेआठ हजारांच्या पुढे जातो, तर आरएक्स १०० च्या ५० मिलिमीटर बोअरमध्ये अकरा हजारांच्या आसपास पोहोचतो. मोटारीतला ठळक ‘टक-टक’ कानात ठेवून जो आरएक्सवर बसतो, त्याला डेटोनेशन सापडत नाही. छोट्या टू-स्ट्रोकमध्ये ते बारीक, कोरडे आणि तुटक असते. त्यात घणाचा भरदारपणा नसतो, आणि ते प्रत्येक स्फोटाला होतेच असेही नाही, त्यामुळे त्याला लय नसते. तापल्या तेलात मोहरी तडतडते तसा अनियमित, दाणेदार आवाज, ही त्याची सर्वांत जवळची ओळख आहे.

वयाबरोबर माणसाला उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात. पन्नाशी ओलांडलेल्या मेकॅनिकला, विशेषतः आयुष्यभर सायलेन्सरशेजारी काम केलेल्याला, अकरा हजार हर्ट्झचा हा आवाज ऐकू न येणे शक्य आहे. त्याच्या अनुभवाचा पूर्ण मान ठेवून या एका कामासाठी तरुण कान सोबत घ्यावेत. गाडीवर मागे बसलेली विशीतली मुलगी किंवा भाचा आवाज पकडू शकतो आणि आपण निर्णय घेऊ शकतो.

आता आवाज कधी येतो ते पाहू. डेटोनेशन भाराखाली येते. गाडी स्टँडवर लावून कितीही रेस दिली तरी ते बहुधा ऐकू येणार नाही, कारण सिलिंडर पुरेसा भरत नाही आणि दाब चढत नाही. जो आवाज मोकळ्या रेसवरही तसाच येतो, त्याचे कारण आधी यांत्रिक भागांत शोधावे. चाचणी रस्त्यावर, चढावर घ्यावी लागते. मुंबईत त्यासाठी फार लांब जावे लागत नाही: हाजी अलीकडून पेडर रोडवर चढणारा रस्ता, घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट, किंवा फ्लायओव्हरचा लांब रॅम्प पुरतो. रविवारी पहाटे, वाहतूक जागी होण्याआधी निघावे. हॉर्न आणि बसची इंजिने यांच्या गर्दीत हा आवाज वेगळा काढणे अवघड आहे. हेल्मेट मात्र कोणत्याही कारणाने काढू नये. हेल्मेटमधून ऐकायचे असेल तर रॅम्पच्या कठड्यालगतच्या लेनमधून, बेताच्या वेगाने जावे; भिंतीवरून परतणारा इंजिनाचा आवाज कानाशी स्पष्ट पोहोचतो, आणि वेग कमी असल्यामुळे वाऱ्याचा आवाज आड येत नाही.

इंजिन आधी पूर्ण गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर काढलेला निष्कर्ष कामाचा नसतो. मग चढाला लागताना गरजेपेक्षा एक गिअर वरचा ठेवावा आणि मधल्या आरपीएमवर थ्रॉटल एकदम न पिळता पाव, अर्धा, पाऊण असा हळूहळू उघडत जावा. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन सेकंद थांबून ऐकावे. डेटोनेशन असेल तर ते बहुधा पिकअप भरायला लागतो त्या सुमारास, इंजिन जोर लावत असताना सुरू होते. ऐकू आल्याबरोबर थ्रॉटल थोडा सोडावा. आवाज त्याच क्षणी थांबला आणि पुन्हा उघडताच परत आला, तर संशय बळावतो. या चाचणीत आवाज दोन-तीनदा ऐकू आला की पुरे. खात्री पटावी म्हणून त्याच अवस्थेत पूर्ण चढ चढून जाणे म्हणजे पिस्टनवर प्रयोग करणे आहे, आणि ते करू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे आवाज कशाने जातो याचे उत्तर मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण त्यात कानाच्या तयारीचा संबंध कमी येतो. डेटोनेशन पेट्रोल, मिश्रण आणि ठिणगीची वेळ यांना उत्तर देते. घासलेले बेअरिंग यांपैकी कशालाच उत्तर देत नाही. सोपी चाचणी पेट्रोलची आहे. टाकी जवळपास रिकामी झाल्यावर त्यात ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरावे; ऑक्टेन जितके जास्त, तितके पेट्रोल आपोआप पेटायला अवघड (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागणाऱ्या गाडीत ऑइलचे प्रमाण नेहमीचेच ठेवावे), कार्ब्युरेटरमधले जुने पेट्रोल संपेपर्यंत चालवावे आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा ऐकावे. आवाज गेला किंवा स्पष्ट कमी झाला, तर तो डेटोनेशनचाच होता असे मानण्यास हरकत नाही. दुसरी चाचणी चोकची आहे: चढावर आवाज चालू असताना चोक किंचित ओढला आणि मिश्रण दाट (पेट्रोल जास्त) होताच आवाज विरला, तर कारण पातळ (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणात असण्याची शक्यता मोठी. तिसरी चाचणी टायमिंगची. ज्या गाडीत मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची) प्लेट फिरवता येते, तिथे मूळ जागेवर खूण करून ठिणगी एक-दोन अंश उशिरा करावी आणि पुन्हा ऐकावे. एका वेळी एकच बदल करावा. तिन्ही एकदम केल्यास आवाज जातो, पण कशाने गेला ते कळत नाही.

फसवणारे आवाज

पिस्टन स्लॅप हा सर्वाधिक फसवणारा आवाज आहे. बोअर झिजलेला असला की पिस्टन स्कर्टच्या (रिंगांखालच्या भागाच्या) बाजूने भिंतीवर आपटतो आणि बोथट खडखड येते. ती सकाळी थंड इंजिनावर मोठी असते आणि इंजिन तापून पिस्टन फुगला की उतरते. डेटोनेशनचे नेमके उलटे असते: ते थंड इंजिनावर नसते आणि तापमान वाढेल तसे वाढते. हा एक फरक लक्षात ठेवला तरी अर्धे चुकीचे निदान टळेल.

गजन पिनचे (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचे) बेअरिंग गेले असेल तर आवाज बारीक, धातूचा आणि डेटोनेशनच्या बराच जवळचा असतो, पण तो आरपीएमशी बांधलेला आणि नियमित असतो, स्टँडवर रेस दिल्यावरही येतो, आणि पेट्रोल बदलल्याने त्यात काहीही फरक पडत नाही. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग जाते तेव्हा आवाज जड, खोल असतो आणि थ्रॉटल उघडताना-सोडताना बदलतो. क्रँकचे मेन बेअरिंग अखंड घरघरते. क्लचची खडखड क्लच दाबताच बदलते, म्हणून ती ओळखायला फार कष्ट पडत नाहीत.

हेडखालून किंवा सायलेन्सरच्या बेंडच्या वॉशरमधून गॅस निसटत असेल तर प्रत्येक स्फोटाला ‘चक्-चक्’ असा आवाज येतो, आणि तोही भाराखाली वाढतो. त्यामुळे इथे चूक होणे स्वाभाविक आहे. त्याची खूण डोळ्यांना दिसते: गळतीच्या जागी काळ्या तेलकट काजळीचा ओघळ असतो. एअर-कूल्ड ब्लॉकच्या पात्यांची झिणझिण वेगळीच असते. काही गाड्यांत पात्यांच्या मध्ये रबराचे तुकडे बसवलेले असतात. ते सुकून पडले की पाती एका ठरावीक आरपीएमला वाजू लागतात, मग गाडी चढावर असो वा सपाटीवर. नवे रबर लावून पाहण्याचा खर्च नगण्य आहे, म्हणून मोठे काम काढण्याआधी ते करून घ्यावे.

सपाट रस्त्यावर अर्ध्याहून कमी थ्रॉटलला इंजिन ‘भड-भड’ करत एकाआड एक स्फोट चुकवू लागले, तर ते डेटोनेशन नव्हे. ते दाट मिश्रणाचे लक्षण आहे आणि त्याने पिस्टनला धोका नसतो. अनेक चालक त्या आवाजाला कंटाळून जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) बारीक करून घेतात आणि बिनधोक इंजिनाला खऱ्या डेटोनेशनच्या तोंडी देतात.

वेगात असताना थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर, उदाहरणार्थ खंडाळ्याहून जुन्या महामार्गाने खोपोलीकडे उतरताना, कधी कधी हलकी किटकिट ऐकू येते. सिलिंडरमध्ये उरलेल्या तापलेल्या वायूंमुळे थोडेसे मिश्रण अवेळी पेटते. दाब कमी असल्याने यातून सहसा मोठे नुकसान होत नाही, परंतु आयडलच्या सर्किटमधले मिश्रण पातळ आहे किंवा कुठून तरी बाहेरची हवा आत येत आहे, हे ती किटकिट सांगत असते. तिला भाराखालच्या डेटोनेशनइतके तातडीचे मानू नये, पण विसरूही नये.

प्री-इग्निशन या सर्वांहून वाईट आहे. तिथे ठिणगीच्या आधीच लाल झालेला कार्बनचा कण किंवा प्लगचे टोक मिश्रण पेटवते, आणि पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. ताकद अचानक बसते आणि पिस्टनच्या मध्यभागी भोक पडते. न थांबलेले डेटोनेशन प्लगचे टोक तापवून इंजिनाला याच अवस्थेत नेऊ शकते. म्हणूनच, चढावर आवाज आला, मग आपोआप थांबला आणि गाडी जड झाली, तर सुटकेचा श्वास न सोडता क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि रस्त्याच्या कडेला थांबावे.

ऐकण्याची नळी

कान साशंक असतील तर एक साधे साधन घरी बनवता येते. एसी-फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी सहा-आठ मिलिमीटरची तांब्याची नळी घेऊन तिचे एक टोक दोन-तीन सेंटिमीटर चपटे करावे, त्यात भोक पाडावे आणि ते हेडला आधार देणाऱ्या एखाद्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली घट्ट आवळावे. हेडचे मुख्य नट यासाठी सोडवू नयेत. नळीच्या दुसऱ्या टोकाला मीटर-दीड मीटर सिलिकॉनचा पाइप जोडून तो कारखान्यात वापरतात तशा कानबंद इअरमफमध्ये सोडावा. सायलेन्सरचा गोंगाट बाहेर राहतो आणि धातूचा कंप थेट कानाशी येतो. निरोगी इंजिनाचा आवाज त्यात गोल आणि सलग असतो. त्यावर उमटणारी तडतड मग लपत नाही. हे साधन हेल्मेटखाली मावत नाही आणि रस्त्यावरची चाहूल पूर्ण बंद करते, म्हणून ते सार्वजनिक रस्त्यावर अजिबात वापरू नये. त्याची जागा डायनोवर आहे, जिथे गाडी जागेवर राहून भार घेते. डायनो हाताशी असेल तर प्लगच्या वॉशरखाली बसणारा तापमानाचा सेन्सरही लावावा. डेटोनेशन सुरू होताच हेडचे तापमान झपाट्याने चढते आणि सायलेन्सरमधल्या वायूचे तापमान उतरू लागते, कारण बाहेर जाणारी उष्णता आता पिस्टन आणि हेडमध्ये मुरत असते.

मुंबईची हवा आणि पंपावरचे पेट्रोल

दमट हवा डेटोनेशन दाबते. वाफेमुळे जळण्याचा वेग आणि तापमान दोन्ही थोडे उतरतात, आणि जुलैच्या पावसात चढावर गप्प राहिलेले इंजिन जानेवारीच्या कोरड्या, दाट हवेत वाजू लागते. पावसाळ्यात केलेली चाचणी निर्दोषपणाचा पुरावा मानू नये. उंचीचाही प्रश्न आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे; तिथे विरळ हवेत नेमके जुळवलेले जेट घाट उतरून मुंबईत आले की इथल्या दाट हवेला अपुरे पडते, आणि सिलिंडरही जास्त भरतो. पुण्याहून विकत आणलेली गाडी इथे पहिल्या चढाला तडतडली, तर आधी जेट पाहावे.

पेट्रोलला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली तेव्हा साधे पेट्रोल शिसेयुक्त आणि ८७ ऑक्टेनचे होते. आज साधे पेट्रोलही किमान ९१ ऑक्टेनचे आहे. मूळ हेड आणि मूळ टायमिंग असलेले इंजिन आजच्या पेट्रोलवर वाजत असेल, तर दोष पंपावर ढकलता येत नाही. तो मिश्रणात, कार्बनमध्ये, प्लगमध्ये किंवा टायमिंगमध्ये शोधावा लागेल. हेड मिल करून, म्हणजे त्याची खालची बाजू तासून, कॉम्प्रेशन वाढवले असेल तर गोष्ट वेगळी. इथेनॉलबाबत दोन्ही बाजू पाहाव्यात: इथेनॉलने ऑक्टेन वाढते, परंतु शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, तर ई-२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, एका किलोला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरचे जेट ठरलेले असते आणि त्याला हे कळत नाही, म्हणून तेच जेट ई-२० वर पातळ मिश्रण देते. इंजिनाच्या रक्षणासाठी पेट्रोलमध्ये जास्त टू-टी ऑइल मिसळण्याची सवयही याच चुकीकडे नेते. ऑइलने जागा व्यापल्यामुळे जेटमधून जाणारे पेट्रोल कमी होते आणि मिश्रण आणखी पातळ होते.

डोळ्यांनी खात्री

कानाने संशय घेतला की प्लग काढून पाहावा. घड्याळजी वापरतात तसल्या दहापट भिंगातून चिनीमातीचा पांढरा भाग नीट न्याहाळावा. त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे अतिसूक्ष्म गोळे दिसले, तर ते पिस्टनवरून उडालेले ॲल्युमिनियम असण्याची दाट शक्यता आहे. मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडल्यास पिस्टनचा माथाही दिसतो. डेटोनेशनची झीज कडेला, विशेषतः हेडच्या सपाट कडेखाली असते आणि तो भाग वाळूचा मारा झाल्यासारखा खडबडीत दिसतो. मध्यभाग वितळलेला दिसला तर ते प्री-इग्निशनचे काम आहे.

निदान पक्के झाल्यावर शोध स्वस्त कारणाकडून महाग कारणाकडे न्यावा. प्लगचा क्रमांक कंपनीने सांगितलेलाच आहे का ते पाहावे. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग आणि बॉश किंवा मायकोमध्ये लहान आकडा म्हणजे थंड प्लग, हा उलटा क्रम लक्षात न घेता घेतलेला पर्यायी प्लग नेमका चुकीचा निघतो. मग मेन जेटमधला कचरा, कार्ब्युरेटर आणि ब्लॉकमधल्या रबराच्या चिरा, ब्लॉकची पाती चिखलाने बुजली आहेत का, हेड व पिस्टनवर साचलेला कार्बन, आणि शेवटी डायल गेज लावून टायमिंग. यातून काही सापडले नाही तर क्रँकचे ऑइल सील तपासावे. मॅग्नेटोच्या बाजूचे सील हवा ओढते आणि मिश्रण पातळ करते. क्लचच्या बाजूचे गिअर ऑइल ओढते, धूर वाढवते आणि मिश्रणाचे ऑक्टेनही उतरवते. इनटेक व एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ६ पीएसआय हवा भरावी आणि काटा उतरतो का ते काही मिनिटे पाहावे. उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. दुरुस्तीनंतर नवा प्लग लावून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये आणि नेहमीच्या साध्या पेट्रोलवर पुन्हा ऐकावे. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवर गप्प बसलेले इंजिन दुरुस्त झाले असे धरू नये.